हातातोंडाशी आलेले नऊ घास

क्रिकेटच्या गुणतक्त्यात नेट रनरेटचा एक रकाना असतो. वरच्या संघांचा अधिक, तळाच्या संघांचा उणे. हे इतकं सवयीचं झालंय की शेवटच्या आठवड्यापर्यंत तिकडे कोणी बघतही नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये असा रकाना मांडला, तर २०२१ साली नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचा आकडा ठणठणीत अधिक निघतो. बारा सामन्यांत ३३५ गुण केले, २७२ दिले. ६३ गुणांनी पुढे. आणि हंगामाचा निकाल? तीन विजय, नऊ पराभव.

नऊही पराभव एक आकडी फरकाने. क्रमाने सांगायचं तर ८, ७, ३, ३, ७, ५, ९, ७, ७. बेरीज ५६. तीन विजय मात्र ४५, २५ आणि ४९ गुणांचे. जिंकले तेव्हा धो धो, हरले तेव्हा थेंब थेंब. असा हंगाम खेळलेला संघ नक्की वाईट असतो की कमनशिबी? आणि त्याच्या प्रशिक्षकाला घरी पाठवायचं की आणखी एक वर्ष द्यायचं? हा प्रश्न नेब्रास्काला तेव्हा पडला होता. त्याचं उत्तर शोधताना त्या खेळाचं गणित आणि त्यातला पैसा, दोन्ही बऱ्यापैकी उलगडतात.

आधी हे सगळं एवढं मोठं का, ते सांगायला हवं. आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे मैदानाच्या कडेला उभे असलेले दहा-बारा मित्र आणि शिट्टी गळ्यात अडकवलेले क्रीडाशिक्षक. नेब्रास्काची राजधानी लिंकन. तिथल्या मेमोरियल स्टेडियममध्ये ८५ हजारांहून जास्त लोक बसतात आणि १९६२पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. म्हणजे सामन्याच्या शनिवारी राज्यातल्या साधारण तेवीस माणसांमागे एक जण त्या स्टेडियमात लाल शर्ट घालून बसलेला असतो. राज्यात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा, संघ नाही. त्यामुळे ‘हस्कर्स’, म्हणजे हा विद्यापीठाचा संघ, हाच सगळ्यांचा संघ. १९७०, ७१, ९४, ९५ आणि ९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. घराण्याचं मोठं नाव आणि वाड्याला पडलेल्या भेगा, असं काहीसं चित्र.

आता खेळ, लागेल तेवढाच. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेला की पुन्हा चार प्रयत्न. असं करत करत शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर एक किक मारून आणखी एक गुण, किंवा धोका पत्करून पुन्हा चेंडू रेषेपार नेला तर दोन. रेषेपर्यंत पोचणं जमत नसेल तर खांबांच्या मधून किक मारायची, तिचे तीन गुण. म्हणजे एका चढाईत जास्तीत जास्त आठ गुण मिळतात. म्हणून आठ किंवा त्याहून कमी फरकाच्या सामन्याला तिकडे ‘एका चढाईचा सामना’ समजतात. एक चेंडू इकडचा तिकडे झाला असता तर निकाल फिरला असता, अशा अर्थाने. नेब्रास्काच्या नऊ पराभवांपैकी आठ या जातीचे. नववा ओहायो स्टेटविरुद्धचा, २६–१७, नऊ गुणांचा. तोही काही धुव्वा नव्हे.

आणखी एक शब्द लागेल: पंट. तीन प्रयत्न वाया गेले आणि चौथ्यात जमायची आशा नसेल, तर चेंडू लाथेने लांब उडवून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचं. या पंटच्या, किकच्या आणि त्या अडवण्याच्या वेळी मैदानात वेगळी फळी उतरते. तिचं नाव स्पेशल टीम्स. एरवी या फळीकडे कोणाचं लक्ष नसतं. नेब्रास्काचं घर मात्र मुख्यतः इथेच गळत होतं.

बघा. पहिला सामना इलिनॉयला. स्वतःच्या गोलरेषेजवळ पंट झेलताना खेळाडू गडबडला आणि समोरच्याला फुकटचे दोन गुण मिळाले. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरची एका गुणाची किक अडवली गेली, एवढंच नाही, तो चेंडू उचलून ओक्लाहोमाचा खेळाडू थेट दुसऱ्या टोकापर्यंत पळाला. नियमाप्रमाणे त्याचे दोन गुण त्यांना. मिळायचा होता एक आणि गेले दोन, म्हणजे तिनाचा फटका. त्याच सामन्यात खांबांमधून मारायच्या किकाही हुकल्या. पराभव सात गुणांचा.

मिशिगन स्टेटचा सामना तर डोक्याला हात लावायला लावणारा. चौथ्या सत्रात नेब्रास्का २०–१३ने पुढे, दुसऱ्या अर्धात समोरच्यांना काही सुचत नव्हतं. नेब्रास्काला फक्त एक पंट नीट मारून वेळ काढायचा होता. चेंडू उजवीकडे जाणार म्हणून सगळी फळी उजवीकडे धावली आणि चेंडू गेला डावीकडे. तिथे समोरचा जेडन रीड एकटा उभा. ६२ यार्ड पळत त्याने टचडाउन केलं. बरोबरी, जादा वेळ, पराभव, २३–२०.

मिशिगनविरुद्ध २९–२९ अशी बरोबरी. दोन मिनिटांच्या आत सामना संपणार. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, एड्रियन मार्टिनेझ चेंडू घेऊन पुढे घुसला, गर्दीत अडकला, पण खाली पडेना. आणखी एक-दोन यार्ड मिळवायच्या नादात समोरच्याने चेंडू हातातून ओढून घेतला. मिशिगनने १ मिनिट २४ सेकंद बाकी असताना किक मारली, ३२–२९. आपल्याकडे कबड्डीत बोनस घेऊन परतायचं सोडून आणखी एक गडी टिपायला गेलेला चढाईपटू आठवावा.

आणि शेवटी आयोवा. नेब्रास्का २१–६ने पुढे होता. मग पंट अडवला गेला आणि त्याचंच टचडाउन झालं. मग एक किक. मग नेब्रास्काचा क्वार्टरबॅक स्वतःच्याच गोलक्षेत्रात अडकला, दोन गुण गेले. मग आणखी एक किक आणि शेवटी टचडाउन. आयोवाने सलग २२ गुण केले, २८–२१. हंगाम संपला.

या सगळ्याच्या मधोमध उभा होता स्कॉट फ्रॉस्ट. हा बाहेरून आणलेला माणूस नव्हे. जन्म लिंकनचा, बालपण वुड रिव्हर नावाच्या छोट्या गावात. आई-वडील दोघंही प्रशिक्षक. आई कॅरल १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत उतरलेली. स्वतः फ्रॉस्ट १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, आणि टॉम ऑस्बोर्न या नेब्रास्काच्या दैवतासमान प्रशिक्षकाचा तो शेवटचा हंगाम. पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्याने सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ हाती घेतला. आदल्या वर्षी तो संघ बाराच्या बारा सामने हरलेला. फ्रॉस्टने दुसऱ्याच वर्षी, २०१७ला, तेराच्या तेरा जिंकून दिले. गावचा मुलगा, बाहेर नाव कमावून घरी परतला. डिसेंबर २०१७मध्ये नेब्रास्काने त्याला सात वर्षांसाठी साडेतीन कोटी डॉलरचा करार दिला, तेव्हा राज्यात कोणाला शंका नव्हती. मला वाटतं, खरी अडचण इथूनच सुरू झाली. ज्याच्याकडून एवढ्या आशा असतात त्याला काढायला लोकांचा हात उचलत नाही.

पहिल्या वर्षी ४ विजय ८ पराभव (त्यातले पहिले सहा सामने सलग गेले), दुसऱ्या वर्षी ५–७, करोनाच्या वर्षात ३–५, मग हे ३–९. गंमत म्हणजे नोव्हेंबर २०१९मध्ये, म्हणजे सलग दुसरा पराभूत हंगाम चालू असतानाच, विद्यापीठाने त्याचा करार दोन वर्षांनी वाढवून २०२६पर्यंत नेला होता. वेडेपणा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. संघासाठी खेळाडू मिळवायचे म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन आई-वडिलांना पटवायचं. “तुमचा मुलगा शिकेल तोवर हेच सर असतील ना?” हा तिथला पहिला प्रश्न. करार दोन वर्षांत संपणार असेल तर प्रतिस्पर्धी विद्यापीठ नेमकं तेच त्या घरी जाऊन सांगतं. म्हणून करार लांबवत राहतात. आणि करार जितका लांब, तितका माणसाला काढण्याचा खर्च मोठा, कारण मुदतीआधी काढलं तर ठरलेली रक्कम मोजून द्यावी लागते. याला तिकडे बायआउट म्हणतात. भाडेकरूला अकरा महिन्यांऐवजी दहा वर्षांचा करार करून द्यावा आणि मग घर रिकामं करून हवं म्हणावं, तसलाच प्रकार.

आता मूळ प्रश्न: नशीब की नालायकी?

बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याने एक साधं सूत्र मांडलं. संघाने किती गुण केले आणि किती दिले, एवढ्यावरून त्याने किती सामने जिंकायला हवे होते हे काढायचं. फुटबॉलसाठी त्या सूत्रात थोडा बदल करून वापरतात. ३३५ आणि २७२ हे आकडे त्यात घातले की उत्तर येतं सात-साडेसात विजय. प्रत्यक्षात तीन. म्हणजे चार विजय हवेत विरले. सहा विजय मिळाले असते तरी संघ हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्याला पात्र ठरला असता आणि त्या वर्षाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

या सूत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हेही खरं. फोर्डहॅमला ५२–७ने हरवलं, पण फोर्डहॅम खालच्या गटातला संघ. रणजी संघाने तालुका संघाला डावाने हरवलं म्हणून काय छाती फुगवायची? तो सामना वगळला तरी नेब्रास्का उरलेल्या अकरा सामन्यांत १८ गुणांनी पुढेच राहतो. अकरा सामन्यांत दोन विजय मिळवलेला संघ अधिकमध्ये! म्हणजे सूत्र थोडं फुगवून सांगत असलं तरी सपशेल खोटं बोलत नाही.

दुसरी पद्धत नाणेफेकीची. अटीतटीचे सामने म्हणजे नाणेफेक असं क्षणभर धरू. एका वर्षात असे आठ सामने आणि आठही हरणं, याची शक्यता २५६त एक. फार दुर्मीळ वाटतं, पण सर्वोच्च गटात तेव्हा १३० संघ होते. दरवर्षी एवढ्या लोकांनी नाणं उडवलं तर कधीतरी कोणाच्या तरी नशिबी हे येणारच. ज्याच्या नशिबी येतं, त्याच्या गावात मग प्रशिक्षकाची अक्कल निघते.

इथवर फ्रॉस्टच्या बाजूने वकिली करता येते. पण त्याच्या नेब्रास्कातल्या सगळ्या वर्षांचा हिशेब मांडला की वकील गप्प होतो. एका चढाईच्या सामन्यांत त्याचा अखेरचा आकडा होता ५ विजय, २२ पराभव. सत्तावीस वेळा नाणं उडवून पाच किंवा त्याहून कमी वेळा छापा पडणं, याची शक्यता सुमारे तेराशेत एक. एका वर्षाचं नशीब समजू शकतो. पाच वर्षं तेच नशीब असेल तर नाणंच वाकडं आहे, असं म्हणावं लागतं.

वाकडं कुठे होतं? माझं मत विचाराल तर दुर्लक्षात. फ्रॉस्टचा जीव आक्रमणात. २०२१मध्ये चाली तोच ठरवायचा. स्पेशल टीम्सच्या चुका मात्र सप्टेंबरात झाल्या तशाच नोव्हेंबरातही होत राहिल्या, आणि हंगाम संपल्यावर त्या फळीसाठी बिल बुश यांना नेमलं गेलं. अटीतटीच्या सामन्यात फरक असतो तोच दोन-तीन गुणांचा, आणि ते दोन-तीन गुण नेमके अशाच कंटाळवाण्या जागी सांडतात. दहा सेकंदांत शंभर मीटर पळणारा पोरगा कोणीही ओळखतो. पंट उजवीकडे ठरला असेल तर तो उजवीकडेच जाईल, याची सराव करून करून खात्री करणं हे काम कोणाला दिसत नाही.

मार्टिनेझची गोष्टही याच बाजूला झुकते. चार हंगाम नेब्रास्कात काढून, चेंडू हातातून सोडणारा म्हणून बोलणी खाऊन, तो कॅन्सस स्टेटला गेला. सप्टेंबर २०२२मध्ये त्याच ओक्लाहोमाविरुद्ध त्याने स्वतः पळत चार टचडाउन केले आणि संघ ४१–३४ने जिंकला. त्या वर्षी कॅन्सस स्टेटने आपल्या उपगटाचं विजेतेपदही मिळवलं. अर्थात तोवर दुखापतीमुळे त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती, तेव्हा एवढ्यावरून सगळं खापर फ्रॉस्टवर फोडता येणार नाही. पण पोरगा तोच होता.

नोव्हेंबर २०२१मध्ये, हंगाम संपायच्या आधीच, विद्यापीठाचे क्रीडा संचालक ट्रेव्ह आल्बर्ट्स यांनी निर्णय जाहीर केला: फ्रॉस्ट राहणार. पण अटींवर. वार्षिक पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर. बायआउट दीड कोटी डॉलर, आणि १ ऑक्टोबर २०२२ उजाडला की तो निम्म्यावर, ७५ लाखांवर. आक्रमणाच्या चार सहाय्यक प्रशिक्षकांना निरोप. चाली ठरवायचं कामही फ्रॉस्टच्या हातून नव्या माणसाकडे, मार्क व्हिपलकडे गेलं. आल्बर्ट्सनी एका अर्थी नाणेफेकीच्या सिद्धांतावर पैसे लावले होते. एवढं वाईट नशीब दुसऱ्या वर्षी राहत नाही, सरासरी आपोआप सुधारते, असा तो विचार. कागदावर अगदी बरोबर.

२७ ऑगस्ट २०२२. नव्या हंगामाचा पहिला सामना, तोही आयर्लंडमध्ये, डब्लिनला. समोर नॉर्थवेस्टर्न. तिसऱ्या सत्रात नेब्रास्का २८–१७ने पुढे. इथे फ्रॉस्टने ऑनसाइड किकचा हुकूम दिला. गुण केल्यावर चेंडू लाथेने समोरच्याकडे लांब पाठवायचा असतो. त्याऐवजी तो मुद्दाम जवळ टाकून आपणच झडप घालून परत मिळवायचा, असा हा जुगार. मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटांत नाइलाजाने खेळतो तो हा डाव. अकरा गुणांनी पुढे असताना त्याची गरज काय होती? जमलं नाही, नॉर्थवेस्टर्नला अर्ध्या मैदानाची भेट मिळाली, तिथून वारं फिरलं आणि सामना ३१–२८ने गेला. फ्रॉस्टने नंतर चूक स्वतःकडे घेतली. नॉर्थवेस्टर्नने त्या हंगामातले उरलेले अकराही सामने गमावले. म्हणजे अख्ख्या वर्षात ते एकदाच जिंकले, आयर्लंडमध्ये, नेब्रास्काशी.

दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न लिंकनला आला. मोठी विद्यापीठं अशा लहान संघांना मानधन देऊन बोलावतात. पाहुण्याने यावं, हरावं, धनादेश घेऊन जावं, असा अलिखित करार. मेमोरियल स्टेडियममध्ये ३५ किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का तोपर्यंत कधीच हरला नव्हता, २१४पैकी २१४ विजय. त्या रात्री त्यांनी ४२ केले. पाहुण्यांनी ६४२ यार्ड कापले आणि ३६ सेकंद उरले असताना केलेल्या टचडाउनने सामना नेला, ४५–४२.

दुसऱ्या दिवशी, रविवारी ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टला काढलं. वीस दिवस थांबले असते तर ७५ लाख डॉलर वाचले असते. थांबले नाहीत. त्या वीस दिवसांत भरून न येणारं आणखी काय जाईल, याचा त्यांनी काहीतरी हिशेब केला असणार: रिकाम्या खुर्च्या, भरतीसाठी हेरलेली मुलं, आणि साठ वर्षं न तुटलेली तिकीटविक्रीची साखळी. फ्रॉस्टचा अंतिम आकडा १६ विजय, ३१ पराभव.

गोष्ट इथे संपली असती तर ‘प्रशिक्षकच खराब होता’ म्हणून मोकळं होता आलं असतं. हंगामी प्रशिक्षक मिकी जोसेफ यांच्या हाताखाली त्याच संघाने शेवटच्या सामन्यात आयोवाला आयोवाच्या मैदानात २४–१७ने हरवलं. फ्रॉस्टला आयोवाशी चार प्रयत्नांत जे जमलं नाही ते (त्याचे चार पराभव ३, ३, ६ आणि ७ गुणांचे). मग मॅट रूल आले. बहुतेक सहाय्यक नवे, शिस्त नवी. २०२३मध्ये पाच विजय झाले, बोलसाठी फक्त एक हवा होता आणि चार सामने बाकी होते. मिशिगन स्टेटकडून १७–२०, मेरीलँडकडून १०–१३, विस्कॉन्सिनकडून जादा वेळेत १७–२४. उरला आयोवा. १०–१० अशी बरोबरी असताना अखेरच्या काही सेकंदांत नेब्रास्काचा पास आयोवाच्या हाती लागला. आयोवाने नेहमीच्या किकरला बसवून राखीव किकर आणला आणि त्याने वेळ संपता संपता ३८ यार्डांवरून चेंडू खांबांच्या मधून काढला. १३–१०.

२०२४मध्ये नेब्रास्का अखेर बोल सामन्यापर्यंत पोचला, आठ वर्षांनी, आणि बोस्टन कॉलेजला २०–१५ने हरवून सात विजय झाले. त्याआधीचा सामना आयोवाशीच होता. पुन्हा १०–१०, पुन्हा शेवटची किक, या वेळी ५३ यार्डांवरून. पुन्हा १३–१०.